रेसचा ट्रॅक विकत घ्यायला निघालं शहर, पण कर्जाला जामीन कोण? अमेरिकेतल्या टोपेकाची गोष्ट समजून घ्या

शहराने रस्ता करावा, पाणी द्यावं, गटार बांधावं, हे सगळ्यांना कळतं. पण गाड्यांच्या शर्यतीचं मैदानच शहराने विकत घ्यावं का? आणि तेही कर्ज काढून?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील टोपेका शहरात २०१४ साली हा प्रश्न उभा राहिला. सिटी कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या नगरपरिषदेने, ठराव मंजूर केला: शहराबाहेरचं 'हार्टलँड पार्क' हे शर्यतीचं मैदान शहर पूर्णपणे ताब्यात घेणार, आणि त्यासाठीचा पैसा रोखे काढून उभा करणार. लोकांच्या खिशाला झळ बसणार नाही, कारण मैदान बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या खरेदीवरील करातूनच कर्ज फिटेल, अशी ही योजना होती. त्यावरून गावात दोन तट पडले, सह्यांची मोहीम झाली, शहर आपल्याच नागरिकाविरुद्ध कोर्टात गेलं, निवडणूक झाली आणि शेवटी सौदा फिसकटला.

ही गोष्ट सातासमुद्रापारची असली तरी तिच्यातला हिशेब कुठल्याही नगरपंचायतीला लागू पडेल असा आहे. म्हणून ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

ज्वारी पिकवणारं राज्य, साताऱ्याएवढं शहर

कॅन्सस हे शेतीचं राज्य. गहू तर आहेच, पण अमेरिकेत सर्वात जास्त ज्वारी पिकवणारं राज्यही हेच. फरक एवढाच की तिथल्या ज्वारीची भाकरी होत नाही. ती बहुतेक जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते. टोपेका ही या राज्याची राजधानी. राजधानी म्हटलं की मुंबई डोळ्यासमोर येते, पण टोपेकाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे साधारण सातारा शहराएवढी. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा गाजलेला निकाल याच शहराच्या शाळा मंडळाविरुद्धच्या खटल्यात लागला होता.

शहराच्या दक्षिणेला, विमानतळाला लागून, १९८९ मध्ये हार्टलँड पार्क सुरू झालं. तिथे वळणावळणाचा रेस ट्रॅक आहे आणि 'ड्रॅग रेस'साठी सरळ पट्टीही आहे. ड्रॅग रेस म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. बैलगाडा शर्यतीचा घाट डोळ्यासमोर आणायचा, किंवा विदर्भातला शंकरपट. सरळ धाव, घड्याळ लावलेलं आणि काही सेकंदांत निकाल. बैलांच्या जागी गाड्या, एवढंच. पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०० मीटरची पट्टी, आणि सर्वात वरच्या गटातल्या गाड्या ताशी ५०० किलोमीटरच्या वर वेग घेतात. दरवर्षी होणाऱ्या मोठ्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यतीला बाहेरगावाहून गर्दी व्हायची. हॉटेलं भरायची, पेट्रोल पंपावर रांग लागायची.

पण असे दिवस वर्षातून किती? खरी अडचण इथेच होती.

आधी 'रोखे' म्हणजे काय ते बघू

शहराला मोठं काम करायचं असतं आणि तिजोरीत तेवढा पैसा नसतो. मग शहर लोकांकडून, बँकांकडून, गुंतवणूक करणाऱ्या संस्थांकडून पैसे घेतं आणि त्यांना कागद देतं, की अमुक वर्षांत अमुक व्याजाने परत करू. हा कागद म्हणजे रोखा, इंग्रजीत बाँड. आपल्याकडेही हे होतं. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले होते.

कॅन्सस राज्यात याचा एक खास प्रकार आहे. त्याला 'स्टार बाँड' म्हणतात. तिथे दुकानात वस्तू घेतली की बिलावर विक्रीकर लागतो. त्यातला काही वाटा राज्याला जातो, काही जिल्ह्याला, काही शहराला. स्टार बाँडमध्ये नकाशावर एक हद्द आखतात. या हद्दीत पर्यटकांना खेचणारं काहीतरी मोठं उभं करायचं, त्यासाठी रोखे काढायचे आणि मग त्या हद्दीतल्या दुकानांकडून जो वाढीव विक्रीकर येईल तो तिजोरीत न टाकता थेट रोख्यांच्या परतफेडीला लावायचा.

'वाढीव' हा शब्द महत्त्वाचा आहे. गावाकडचं उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रामपंचायतीला आठवडी बाजाराच्या वसुलीतून वर्षाला २ लाख मिळतात. पंचायतीने कर्ज काढून बाजारतळावर शेड, ओटे, पाण्याची सोय केली. बाजार वाढला, वसुली ३ लाखांवर गेली. तर जुने २ लाख पंचायतीच्या नेहमीच्या खर्चाला, आणि वरचा १ लाख कर्जाच्या हप्त्याला. ऐकायला चोख वाटतं. कोणावर नवा कर नाही, कोणाची घरपट्टी वाढली नाही. जे नव्हतं तेच आलं आणि त्यातूनच कर्ज फिटलं.

आता उलट बाजू. शेड बांधली, पण बाजार वाढलाच नाही. वसुली २ लाखांवरच अडकली. हप्ता मात्र दरवर्षी येणार. तो कोण भरणार?

इथे जामीनदाराचा प्रश्न येतो. पतसंस्थेत कोणाच्या कर्जाला सही केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रोख्यांमध्ये दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत कागदावर लिहिलेलं असतं की परतफेड फक्त ठराविक करातूनच होईल. तो कर आला नाही तर रोखे घेणाऱ्याचं नुकसान, शहराला त्याचं देणं नाही. दुसऱ्या तऱ्हेत शहर आपली पूर्ण हमी देतं. म्हणजे ठरलेला कर कमी पडला तर शहर आपल्या तिजोरीतून, वेळ पडली तर मालमत्ता करातून पैसे भरेल. पहिल्या तऱ्हेत व्याज जास्त द्यावं लागतं, कारण जोखीम घेणाऱ्याची असते. दुसऱ्या तऱ्हेत व्याज कमी लागतं, कारण जोखीम गावाची असते. कमी व्याजाचा आनंद होतो तेव्हा ही हमी कोणी वाचत नाही.

शेजारच्या शहरात जमलं, ते का?

स्टार बाँडची कीर्ती झाली ती टोपेकापासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दुसऱ्या एका मैदानामुळे. कॅन्सस सिटी या शहराच्या पश्चिमेला २००१ मध्ये 'कॅन्सस स्पीडवे' सुरू झाला. अमेरिकेत गाजलेल्या नॅसकार शर्यतींसाठी बांधलेला हा भव्य ट्रॅक. त्यासाठी जागा मोकळी करताना तिथल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली, ही बाजू यशाच्या गोष्टीत फार कोणी सांगत नाही.

स्पीडवेच्या शेजारी मोठा बाजार वसवला गेला. फर्निचरचं प्रचंड दुकान, शिकार-मासेमारीच्या सामानाचं दुकान, कपड्यांच्या ब्रँडची रांग, हॉटेलं, पुढे फुटबॉलचं मैदानही आलं. विक्रीकराचा ओघ इतका आला की तिथले रोखे मुदतीच्या काही वर्षं आधीच फिटले.

मग सगळ्या शहरांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. पण तिथला पैसा मुख्यतः कुठून आला ते नीट बघितलं पाहिजे. मोठ्या नॅसकार शर्यती वर्षातून एक-दोन शनिवार-रविवारीच होतात. फर्निचरचं दुकान वर्षभर चालतं. चार राज्यांतून लोक सोफासेट आणि फ्रीज घ्यायला तिथे येतात. म्हणजे ट्रॅकने नाव केलं, लोकांची पावलं वळवली, पण हप्ता भरला दुकानांनी. जत्रेमुळे गावाचं नाव होतं, पण गावाचं पोट जत्रेच्या दोन दिवसांवर चालत नाही, तसंच.

टोपेकाच्या हार्टलँड पार्कभोवती असा बाजार नव्हता.

२००६ चं कर्ज

२०१४ चा ठराव अचानक आला नव्हता. शहर या मैदानात आधीच अडकलेलं होतं. २००६ मध्ये शहराने मैदानाच्या सुधारणेसाठी एक कोटी डॉलरहून थोडे जास्त रकमेचे स्टार बाँड काढले. तेव्हाच्या ४५ रुपयांच्या आसपासच्या दराने हे सुमारे ४५ कोटी रुपये होतात. त्याच वर्षापासून २००८ पर्यंत हौशी स्पर्धकांची देशपातळीवरची अंतिम स्पर्धा हार्टलँड पार्कमध्ये भरली. तो मैदानाचा चांगला काळ.

पण हे रोखे दुसऱ्या तऱ्हेचे होते, शहराच्या पूर्ण हमीवरचे. आणि आखलेल्या हद्दीतून विक्रीकर अपेक्षेएवढा आला नाही. कर कमी पडला की फरक शहराने भरायचा, असं कागदावर होतंच. जे कर्ज 'पाहुणे फेडतील' म्हणून काढलं, त्याचे हप्ते टोपेकाच्या रहिवाशांच्या पैशातून जाऊ लागले. ज्याने आयुष्यात एकही शर्यत बघितली नाही त्याच्याही करातून.

मैदान रोज चालवण्याचं काम एका खासगी कंपनीकडे होतं, आणि जागेवरचे हक्क शहर आणि ही कंपनी यांच्यात वाटले गेले होते. सातबाऱ्यावर दोन नावं असलेल्या जमिनीचं काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. विकायची तर दोघांची सही, सुधारायची तर दोघांचा पैसा, आणि तोटा आला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

२०१४: विकत घ्यायचं की सोडून द्यायचं?

या पार्श्वभूमीवर २०१४ चा सौदा आला. कंपनीचा हक्क शहराने सुमारे २४ लाख डॉलरला घ्यायचा, असं ठरलं. तेव्हा डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १४ कोटींच्या वर. त्यासाठी नवे स्टार बाँड काढायचे आणि सोबत स्टार बाँडची हद्दही वाढवायची, जेणेकरून जास्त दुकानांचा कर परतफेडीला मिळेल.

हद्द वाढवण्याची ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. नकाशावरची रेघ सरकवली की कागदावर उत्पन्न वाढलेलं दिसतं. पण त्या नव्या हद्दीत जी वाढ होईल ती खरंच शर्यतीमुळे झाली, की गावाची वस्ती वाढली, महागाईने वस्तूंचे भाव वाढले म्हणून झाली, हे कसं ओळखणार? एखाद्या किराणा दुकानाची विक्री पाच वर्षांत आपोआप वाढते. त्या वाढीचा कर एरवी रस्त्याला, पोलिसाला, अग्निशमनाला गेला असता. आता तो मैदानाच्या कर्जाला जाणार. म्हणजे 'नवा कर नाही' हे खरं, पण 'लोकांचा पैसा नाही' हे खरं नाही.

तरीही सौद्याच्या बाजूने असलेल्यांचं म्हणणं अगदीच फुकाचं नव्हतं. त्यांचा हिशेब साधा होता. मैदान बंद पडलं तर २००६ चं कर्ज काही माफ होणार नाही. ते शहराच्या डोक्यावर राहणारच. उलट थोडाफार जो कर येतो तोही थांबेल. मग आणखी थोडा पैसा घालून मालकी एका हातात आणावी, चांगला चालवणारा शोधावा, म्हणजे जुनंही फिटेल आणि नवंही. शिवाय शर्यतीच्या दिवसांत हॉटेलवाले, पंपवाले, खानावळवाले यांचा धंदा होतो, त्यांची पोटं त्यावर आहेत.

विरोधकांचं उत्तरही तितकंच साधं. विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून त्याच जागी आणखी खोल खणत जायचं का? आधीच्या अंदाजाने फसवलं, तर नव्या अंदाजावर विश्वास का ठेवायचा? बुडालेला पैसा बुडाला. आता नवा पैसा टाकायचा की नाही, हे फक्त पुढचं बघून ठरवायला हवं.

शेतकऱ्याला ही दोन्ही मनं ओळखीची आहेत. बोअर फेल गेला की घरात हेच भांडण होतं.

सह्या गोळा झाल्या, पण मतदान झालं नाही

ऑगस्ट २०१४ मध्ये कौन्सिलने ठराव मंजूर केला. त्यावर शहरातल्या एका नागरिकाने पुढाकार घेऊन सह्यांची मोहीम काढली. मागणी एकच: हा ठराव लोकांसमोर मतदानाला टाका. कॅन्ससच्या कायद्यात अशी सोय आहे, की पुरेशा मतदारांनी सह्या दिल्या तर शहराला ठराव एकतर मागे घ्यावा लागतो किंवा मतदान घ्यावं लागतं. आपल्याकडे दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायका सह्या गोळा करून 'आडवी बाटली'चं मतदान मागतात, तोच प्रकार समजा.

सह्या जमल्या. पण शहर प्रशासन कोर्टात गेलं आणि म्हणालं, ही मागणीच कायद्यात बसत नाही. जिल्हा न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

न्यायालयाचं कारण असं: लोकांच्या सह्यांनी मतदान मागता येतं ते धोरणात्मक, नवा कायदा करणाऱ्या ठरावांवर. आधी ठरलेलं धोरण अमलात आणण्यासाठी केलेल्या प्रशासकीय ठरावांवर नाही. स्टार बाँडचा कायदा राज्याने केलेला, त्याच्या अटी, अभ्यास, सुनावण्या सगळं ठरलेलं. शहर फक्त त्या चौकटीत काम करतंय. म्हणून हा ठराव प्रशासकीय.

कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेलही. प्रत्येक टेंडरवर, प्रत्येक गटाराच्या कामावर मतदान मागितलं तर गाव चालणार नाही, हा मुद्दा खोटा नाही. पण ज्या कर्जाची फेड पुढच्या पिढीपर्यंत चालू शकते ते 'रोजचं प्रशासन' कसं, हा सामान्य माणसाचा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. वर आपल्याच नागरिकाला मतदान मिळू नये म्हणून शहराने वकिलावर केलेला खर्चही लोकांच्याच पैशातून. हे टोपेकाच्या लोकांना झोंबलं नसतं तरच नवल.

नवीन कौन्सिल आलं आणि सौदा मोडला

मग २०१५ मध्ये कौन्सिलची निवडणूक झाली. ठरावावर मतदान नाकारलं गेलं होतं, पण ठराव करणाऱ्यांच्या जागांवर मतदान तर होणारच होतं. नवे सदस्य आले. कोर्टात जिंकलेलं शहर आता रोखे काढायला मोकळं होतं, पण नव्याने बसलेल्या कौन्सिलने ठरवलं की हे रोखे काढायचेच नाहीत.

सौदा तिथेच थांबला. मैदान चालवणारी कंपनी करार मोडला म्हणून शहरावर दावा ठोकून मोकळी झाली. वाद असा, की जुन्या कौन्सिलने दिलेला शब्द नव्या कौन्सिलवर बंधनकारक आहे का? कंपनीचं म्हणणं, करार हा करार, माणसं बदलली म्हणून तो बदलत नाही. शहराचं म्हणणं, राज्यकारभाराच्या बाबतीत आजचे निवडून आलेले लोक उद्या निवडून येणाऱ्यांचे हात बांधू शकत नाहीत, नाहीतर निवडणुकीला अर्थ काय? हा दावा वर्षानुवर्षे चालत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. आपल्याकडे सरपंच बदलला की आधीच्याने केलेल्या ठरावांचं काय, हा वाद चावडीवर होतो. तिथे तो कायद्याच्या मोठ्या पुस्तकांत गेला.

दरम्यान बँकेने कर्जापोटी मैदानावर जप्तीची कारवाई केली. शेवटी ते एका खासगी विकासकाकडे गेलं आणि 'हार्टलँड मोटरस्पोर्ट्स पार्क' या नावाने पुन्हा सुरू झालं. शहराने नवे रोखे काढले नाहीत म्हणून मैदानाला लगेच कुलूप लागलं असं झालं नाही. धंदा चालेल असं वाटणाऱ्या माणसाने स्वतःचा पैसा घातला. २००६ च्या रोख्यांची हमी मात्र शहराच्या गळ्यात तशीच राहिली. मैदानाचा मालक बदलला, पण जामीनदार बदलला नाही.

पाहुणे खरंच आले का? राज्याने मोजून बघितलं

२०२१ मध्ये कॅन्सस विधिमंडळाच्या लेखापरीक्षण विभागाने सगळ्या राज्यातल्या स्टार बाँड प्रकल्पांची तपासणी केली. राज्याचं उद्दिष्ट असं होतं, की प्रकल्पाला येणाऱ्यांपैकी ३० टक्के लोक १०० मैलांपेक्षा, म्हणजे १६० किलोमीटरपेक्षा लांबून यावेत, आणि २० टक्के परराज्यातून. तपासलेल्या १६ ठिकाणांपैकी फक्त ३ ठिकाणी हे उद्दिष्ट गाठलेलं आढळलं.

याचा अर्थ काय? बहुतेक ठिकाणी येणारा माणूस 'पाहुणा' नव्हताच. तो आसपासचाच होता. तो नवीन जागी पैसे खर्च करत होता म्हणजे जुन्या जागी तेवढे कमी खर्च करत होता. एका गल्लीतली गिऱ्हाइकं दुसऱ्या गल्लीत गेली, आणि दुसऱ्या गल्लीतला कर कर्जाला बांधलेला. गावाची एकूण मिळकत तेवढीच.

असे अहवाल नेहमी नंतर येतात. प्रकल्पाच्या आधी जो अभ्यास होतो त्यात गर्दीचे आकडे मोठे असतात, आणि तो अभ्यास बहुतेक वेळा प्रकल्प व्हावा असं वाटणाऱ्यांच्याच सांगण्यावरून झालेला असतो.

आपल्या देशात काय झालं?

शर्यतीच्या ट्रॅकचा अनुभव भारतालाही आहे. ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ ला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. विजेत्याला झेंडा दाखवायला आपला सचिन तेंडुलकर उभा होता. ट्रॅक खासगी कंपनीने बांधलेला, पण जमीन उत्तर प्रदेशातल्या सरकारी प्राधिकरणाने दिलेली. तीन वर्षं शर्यत झाली आणि २०१३ नंतर थांबली. कारणांमध्ये एक मोठं कारण कराचं होतं. आयोजक म्हणत होते हा खेळ आहे, राज्य म्हणत होतं ही करमणूक आहे, करमणूक कर भरा. २०२० मध्ये थकबाकीच्या कारणावरून प्राधिकरणाने जमिनीचं वाटपच रद्द केलं.

दुसरं उदाहरण हैदराबादचं. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेन सागर तलावाकाठच्या रस्त्यांवर विजेवर धावणाऱ्या गाड्यांची 'फॉर्म्युला ई' शर्यत झाली. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. पण त्यासाठी हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या पैशातून सुमारे ५५ कोटी रुपये दिले गेले होते, आणि ते नियम पाळून दिले का, यावरून डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणाच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. संबंधितांनी आरोप फेटाळले आहेत. तिथे ट्रॅक विकत घेतला नव्हता, नुसती शर्यत आणली होती, तरी प्रश्न तोच आला: प्राधिकरणाचा पैसा कोणाच्या मंजुरीने गेला?

टोपेकात पुढे काय?

कराच्या वादातून शर्यत बंद पडणं हे फक्त बुद्ध सर्किटचं नशीब नव्हतं. हार्टलँड खासगी मालकाकडे गेल्यावर त्यावर मालमत्ता कराचा, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या कराचा प्रश्न उभा राहिला. जिल्हा प्रशासन मिळकतीची किंमत जास्त धरत होतं, मालक म्हणत होता एवढी किंमत नाहीच. किंमत जास्त धरली की कर जास्त. हा झगडा मिटला नाही. अखेर मालकाने जाहीर केलं की २०२३ च्या हंगामानंतर मैदान लोकांसाठी बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे मोठी राष्ट्रीय ड्रॅग शर्यत झाली, १९८९ मध्ये मैदान सुरू झालं तेव्हापासूनच्या परंपरेतली.

ज्या मैदानातून कर वाढेल म्हणून शहराने कर्जाला हमी दिली होती, त्याच मैदानाच्या मालकाने कर जास्त आहे म्हणून दार लावून घेतलं.